चाळ बांधणारे पाय कुणाचे?

माझी भाची कथक शिकते. एके दिवशी वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामू, आमच्या वहीत ह्याला रंगमंचाचा तुकडा लिहिलंय. पण एका जुन्या ध्वनिमुद्रणात बाई ह्यालाच सलामी म्हणतायत. खरं नाव काय?" मी म्हणालो, दोन्ही खरी. तिला ते पटले नाही. पुढे महिन्याभरात क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला आणि तिच्या वाट्याला वंदना आली. घरात दोन दिवस धुसफूस झाली. माझ्या अम्मीचे म्हणणे असे, की पोर नाचते ह्याला मी कधी नाही म्हटले नाही, पण देव होऊन उभी राहायचे असेल तर मला बोलावू नका. क्लासच्या बाई म्हणाल्या, "अहो, भाव हा भाव असतो. त्यात धर्म कुठून आला?" मला दोघींचेही म्हणणे कळत होते आणि दोघींचेही अपुरे वाटत होते. हा लेख त्या अपुरेपणातून निघाला आहे.

नाचणाऱ्याची जात, धर्म, घर, मोहल्ला, त्याचे बाईपण वा पुरुषपण हे सारे त्याच्या नृत्यरचनेत उतरते का, असा हा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याची दोन तयार उत्तरे आहेत. एक, कलेला जातधर्म नसतो. हे वाक्य कोल्हापुरात तरी वर्षातून चार व्यासपीठांवरून ऐकू येते. दुसरे त्याच्या उलट: कलावंत मुसलमान आहे ना, मग त्याच्या कलेत मुसलमानी काय ते दाखवा. पहिले उत्तर देणाऱ्याला नाचणारी माणसे दिसत नाहीत आणि दुसरे देणाऱ्याला नाच दिसत नाही.

मी सुरुवात एका शब्दापासून करतो, कारण हा शब्द आपल्या शहराच्या तोंडात बसलेला आहे. तालीम. मूळ अरबी, अर्थ शिकवण. कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा आणि त्याभोवतीची गल्लीसुद्धा. ह्याच शहरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते; त्यांच्या घराण्यात तालीम म्हणजे उस्तादासमोर बसून घेतलेली गाण्याची शिकवण. खासबाग मैदान आणि १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आताचे केशवराव भोसले नाट्यगृह, महाराजांनी एकमेकांच्या शेजारी बांधले. कुस्तीतला वस्ताद आणि गाण्यातला उस्ताद हा तर एकच शब्द, फक्त मातीत लोळून आलेला. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृह जळाले त्या रात्री शहर हळहळले, त्यामागे हा शेजार होता असे मला वाटते.

आणखी एक शब्द घ्या, लेझीम. मूळ फारसी. साखळी लावलेले धनुष्य. मल्लाने दंड कमावण्यासाठी ओढायचे. आपल्याकडे ते व्यायामाचे साधन राहून राहून नाच झाले. लेझमाचे डाव पाहा: गुडघ्यात वाकणे, कमरेत झुकणे, पुन्हा ताठ उभे राहणे, ही सारी जोर-बैठकांची नातवंडे आहेत. ती रचना कुणा एकाने बसवली नाही. तालमीतल्या शरीरांना जे येत होते त्याचा ठेका झाला. नृत्यरचनेत पार्श्वभूमी उतरते ती अशी: गुडघ्याच्या सवयीत. ती विचारांत किंवा घोषणेत शोधून सापडत नाही.

आनंद यादव कागलचे. आपल्या जिल्ह्यातल्या ह्या लेखकाने 'नटरंग' कादंबरीत नेमक्या ह्याच मर्मावर बोट ठेवले. तमाशाच्या नादाचा गुणा नावाचा मजूर, पैलवानी बांध्याचा गडी, फड उभा करायला निघतो आणि नाच्या मिळेना म्हणून स्वतः नाच्या होतो. राजा व्हायला निघालेल्या देहाला कंबर लचकवावी लागते. रवी जाधव यांचा त्यावरचा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी आला. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी आधी अंग कमावले आणि मग उतरवले. त्यांचा नाच्या चालतो तेव्हा पाऊल बाईचे पडते, पण खांदे अजून आखाड्यातच असतात. गुणाची शोकांतिका मला संवादांपेक्षा त्या खांद्यांत जास्त दिसली.

त्याच चित्रपटातल्या सोनाली कुलकर्णी आणि अमृता खानविलकर यांच्या गाजलेल्या लावण्या फुलवा खामकर यांनी बसवल्या. फुलवाताई लेखक अनिल बर्वे यांच्या कन्या, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या जिम्नॅस्ट. शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेल्या. त्यांच्या लावणीत गिरकीचा वेग, पाठीच्या कण्याची लवचीकता, एका ठोक्यावर पूर्ण थांबणे हे सगळे मॅटवरून आलेले आहे. मला ते आवडले. लावणी गावाकडची शिळी गोष्ट समजणाऱ्या पोरींच्या पायात त्यांनी चाळ बांधली. मात्र एक गोष्ट हरवली, तीही नोंदवली पाहिजे. फडातली बाई ढोलकीवाल्याशी भांडते, त्याला चकवते, त्याच्याकडे पाहून हसते. चित्रपटातली नर्तकी कॅमेऱ्याकडे पाहते. तिला ढोलकीवाल्याची गरज उरलेली नाही. दोष बसवणारीचा नाही. तिच्यासमोर फड नव्हता, भिंग होते.

आता फडाकडेच वळू. तमाशा, शाहीर, मुजरा, फड, अदा, दौलतजादा: हे शब्द ज्या भाषांतून आले त्या आपल्या परिचयाच्या. म्हणून आपल्या संमेलनांत सगनभाऊचे नाव हमखास निघते. जेजुरीचा, शिकलगार, जन्माने मुसलमान. उत्तर पेशवाईतला पहिल्या रांगेतला लावणीकार. खंडोबाच्या पायरीला वाढलेल्या ह्या माणसाने हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घरातून येऊन शृंगाराची लावणी लिहिली. अनंत फंदीचे 'फंदी' हे नावसुद्धा मलिक फंदी नावाच्या फकिराच्या स्नेहातून आले असे सांगतात. हे सारे अभिमानाने सांगावे असेच आहे. पण सांगताना आपण एक लबाडी करतो. आपण शब्द लिहिणाऱ्यांची नावे घेतो. ह्या लावण्या ज्यांनी अंगावर घेतल्या, कोणत्या ओळीला मान वळवायची, कुठे पदर सोडायचा, कुठे थबकायचे हे ज्यांनी ठरवले त्यांची नावे ना आपल्याला ठाऊक आहेत, ना आपण कधी विचारली. राम जोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ शिकलगार: लिहिणाऱ्यांची जात इतिहासाने टिपून ठेवली. नाचणाऱ्यांची जात सगळ्यांना माहीत होती आणि नाव कुणालाच नव्हते.

पठ्ठे बापूराव आणि पवळा हे उदाहरण म्हणूनच पुन्हा पुन्हा उगाळावे लागते. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशासाठी ब्राह्मण्य सोडून फडात आले. ही त्यागाची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि ती खोटी नाही. पण पवळा संगमनेरकडची, महार समाजातली; तिला सोडायला काय होते? तिचा नाच हा तिच्या जन्माने तिच्यावर घातलेला धंदा मानला गेला आणि बापूरावांचा नाद हे बंड ठरले. एकाच फडावर, एकाच गवळणीत, एकाचे पाऊल खाली उतरण्याचे आणि दुसरीचे आहे तिथेच ठेवले गेलेले. महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी देऊ केलेले पैसे डॉ. आंबेडकरांनी नाकारले, कारण ते आमच्या बायका नाचवून मिळवलेले आहेत अशी त्यांची भूमिका होती, ही हकिकत प्रसिद्ध आहे. इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ साली आलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचा हा पेच सविस्तर मांडला आहे: जी कला स्त्रीला नाव देते तीच तिला अश्लील ठरवते. बाबासाहेबांचा नकार मला समजतो. तरीही एक प्रश्न उरतो. पवळाने घडवलेल्या अदा मग कुणाच्या खात्यावर जमा करायच्या?

हा प्रश्न भावनेचा नाही, समीक्षेचा आहे. बैठकीच्या लावणीचे उदाहरण घ्या. बाई बसून गाते, बसूनच अदा करते. पाय दुमडलेले, म्हणून सगळा नाच डोळ्यांत, भुवईत, बोटांच्या पेरांत आणि खांद्याच्या किंचित झोक्यात येऊन बसतो. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर खेपेला तिचा अर्थ बदलायचा. हे सौंदर्यशास्त्र कुठून आले? छोट्या खोलीतून, समोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसातून आणि त्याला रुसवू नये पण हातीही लागू नये ह्या रोजच्या कसरतीतून. वाईच्या यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या म्हातारपणीच्या चित्रफिती आजही पाहता येतात. सुरकुतलेला चेहरा, जाड भिंगाचा चष्मा, आणि एका शब्दावर मान अशी तिरपी होते की समोरचा पंचविशीतला पोरगा लाजतो. ही अदा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. ती कोल्हाट्याच्या पोरीला जगण्यासाठी शिकावी लागली आणि तिने ती जगण्यापेक्षा मोठी केली.

खड्या लावणीचे गणित वेगळे. तिथे समोर हजारांचा जमाव, शिट्ट्या, उडवलेले फेटे. पदराची टोके हातात ताणून पाठमोरी चाल धरणारी बाई जमावाला चेहरा केव्हा दाखवायचा हे स्वतः ठरवते. मला ती पाठ नेहमी ढालीसारखी वाटत आली आहे. विठाबाई नारायणगावकरांची, भर खेळात कनातीमागे बाळंत होऊन दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर गेल्याची हकिकत महाराष्ट्र धैर्यकथा म्हणून सांगतो. तिकिटाचे पैसे दिलेल्या प्रेक्षकांना त्या रात्री बाईची सुट्टी मंजूर नव्हती, असाही तिचा अर्थ आहे. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई २००२ साली गेली ती हलाखीतच.

कथकची कहाणी ह्याच्या उलट बाजूने चालते. आमद, सलामी, नजाकत: दरबाराने दिलेले शब्द. स्वातंत्र्यानंतर ही कला सभ्य घरांतल्या मुलींसाठी मोकळी झाली, तेव्हा तिच्या अंगावरची कोठ्याची धूळ झटकायची होती. ती झटकताना कित्येक ठिकाणी सलामही झटकला गेला. सलामीचा तुकडा रंगमंचाचा तुकडा झाला, हात कपाळाकडून छातीशी आले. भाचीच्या वहीतला घोळ तो हा. इथे मी पुण्याच्या रोहिणी भाटे यांचे नाव मुद्दाम घेतो, कारण त्यांना ह्या झटकाझटकीत ढकलणे अन्यायाचे होईल. १९४७ साली त्यांनी नृत्यभारती स्थापन केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या होत्या. २००८ साली त्या गेल्या तोवर महाराष्ट्रात कथकची जी मशागत झाली त्यात त्यांचा वाटा फार मोठा. त्यांनी ऋग्वेदातले सूक्त घेतले, कालिदास घेतला. सुशिक्षित मराठी ब्राह्मण घरातली, संस्कृत वाचणारी बाई आपल्या ग्रंथांच्या कपाटातून विषय उचलणार, हे स्वाभाविक होते. त्यांच्या रचनांत विचार दिसतो, कारण ते कपाट खरोखर त्यांचे होते. पुढची अडचण अशी झाली, की त्यांचे कपाट हेच कथकचे कपाट असे मागून आलेल्या अनेकांनी धरले. मग माझ्या भाचीला विषय निवडायची वेळ येते तेव्हा तिच्यासमोर दोनच फळ्या असतात, पुराण नाहीतर निव्वळ तिहाया. तिच्या नानीच्या घरातले काही तिथे ठेवायला जागाच नसते.

हिंदी चित्रपटांतल्या नृत्यदिग्दर्शकांची नावे वाचली की आपल्या मोहल्ल्यात एक सुखद गैरसमज पसरतो: बघा, किती खान आहेत! सरोज खान जन्माने निर्मला नागपाल. फाळणीनंतर इकडे आलेल्या कुटुंबातली मुलगी. लहानपणीच गर्दीत नाचू लागली. पुढे सरदार रोशन खान यांच्याशी लग्न झाले आणि तिने इस्लाम स्वीकारला. २०२० साली त्या गेल्या. 'तेजाब'मध्ये (१९८८) माधुरी दीक्षितसाठी त्यांनी जे बसवले त्यात मला मुसलमान काही दिसत नाही आणि हिंदूही नाही. दिसते ती गर्दीतली पोर, जिला ठाऊक आहे की मागच्या रांगेतून आपले फक्त डोळेच पुढे पोहोचू शकतात. भुवई उचलणे, ओठ चावून मान झटकणे हे त्यांचे खास डाव. खान हे आडनाव त्यांच्या कलेची किल्ली नव्हते. भूक होती.

मग धर्म आणि वंश कधीच किल्ली ठरत नाहीत का? ठरतात, पण ते ज्याला बोचतात त्याच्याच हाती. अक्रम खान १९७४ साली लंडनमध्ये बांगलादेशी घरात जन्मला. कथक शिकला प्रताप पवारांकडे. तेरा-चौदाव्या वर्षी पीटर ब्रुकच्या 'महाभारता'तून जग फिरला. २००५ साली त्याने सिदी लार्बी शेरकाउई ह्या नर्तकाबरोबर 'झिरो डिग्रीज' केले. शेरकाउईचे वडील मोरोक्कन, आई फ्लेमिश. म्हणजे तोही अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. बांगलादेशातून भारतात येतानाचा प्रवास, सरहद्दीवर पासपोर्ट हातातून जाताच माणसाचे हलके होणे, आगगाडीतले एक प्रेत. दोघे समोरासमोर बसून हीच हकिकत एकाच वेळी, त्याच शब्दांत, त्याच हातवाऱ्यांनी सांगतात. बोलताना आपले हात नकळत जे करतात त्याचीच त्यांनी नृत्यरचना केली. २०११ च्या 'देश'मध्ये तो टक्कल केलेल्या डोक्यावर चेहरा रंगवतो, मान खाली घालतो आणि तो चेहरा त्याचा बाप होतो. बाप स्वयंपाकी. बापाला उभे करायचे तर स्वतःचे तोंड खाली घालावे लागते. ह्या एका युक्तीत स्थलांतरित घरातल्या बाप-लेकाचे सगळे नाते आले, आणि त्यासाठी ना टोपी लागली ना तस्बीह. ह्याच अक्रमने २०१६ साली महाभारतातल्या अंबेवर 'अंटिल द लायन्स' केले. त्याला कुणी विचारले नाही की तुझी अंबा कशी? विचारले असेल तरी त्याच्या पायांनी उत्तर दिलेले आहे. लहानपणापासून अंगात मुरलेल्या गोष्टी त्याच्याच होत्या.

इथे माझ्या अम्मीला आणि क्लासच्या बाईंना मला थोडे सांगावेसे वाटते. बाई, भाव हा भाव असतो हे खरे, पण तो कुणाच्या तरी अंगातून येतो. ज्या पोरीच्या अंगात तो अजून उतरलेला नाही तिच्याकडून तुम्ही मुद्रा मिळवाल, भाव नाही. आणि अम्मी, तू ज्या सगनभाऊचा वारसा आमच्या व्यासपीठावर ऐकून टाळ्या वाजवतेस, त्याच्या फडाची रीतच गण आणि गवळण. तो त्या रीतीत राहून लिहिता झाला आणि मुसलमानही राहिला. आपल्याला त्याचे नाव हवे असते; त्याने पत्करलेली अडचण नको असते. मोठ्या भाषणांत आपण 'संमिश्र संस्कृती' म्हणतो आणि घरी आल्यावर पोरीचे घुंगरू कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतो, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. आमच्याच गल्लीत एक म्हातारे गृहस्थ होते. पाच वक्त नमाजी. तरुणपणी एका संगीत बारीत ढोलकी वाजवत. मोहरमात अलाव्याभोवती फेर धरला जाई तेव्हा ते नाचत नसत, पण ओट्यावर बसून त्यांची बोटे गुडघ्यावर चालत. मयतीच्या दिवशी त्यांच्याबद्दल सगळे बोलले, ढोलकीबद्दल कुणी बोलले नाही. मीही नाही.

त्या वार्षिक कार्यक्रमाचे पुढे असे झाले. भाचीने वंदना केली नाही आणि भांडणही केले नाही. तिने बाईंना विचारले, मी आमद करू का, सलामीसकट? बाईंनी जरा विचार केला आणि हो म्हणाल्या. घरी तालीम करताना ती मला म्हणाली, "मामू, सलाम करताना माझा हात असा वर जातो, पण बाई म्हणतात तू हात फार लवकर खाली आणतेस." मी पाहिले. खरेच लवकर आणत होती. माझी अम्मी दारात येणाऱ्याला सलाम करते तेव्हा हात कपाळाला लावून तशीच झटकन खाली आणते, कारण दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर सावरायचा असतो. पोरीने ते उचलले होते. मी म्हणालो, तो हात बदलू नकोस, हवा तर दुसरा हात पदराकडे ने. तिने करून पाहिले, दोनदा सम चुकली, तिसऱ्यांदा बसली. अम्मी आतून विचारत होती, काय चाललंय रे एवढं?